एक काना जास्त

"टोकं कुठं बांधलीत, ते आधी सांगा."

सरांना काहीही विचारा, पहिलं उत्तर हे ठरलेलं. उजव्या हाताचं एक बोट वर, आणि नजर विचारणाऱ्याच्या डोक्यावरून पलीकडं, भिंतीवरच्या एखाद्या खुंटीवर. आमच्या आळीतल्या एका गृहस्थांनी मुलीला चिपळूणचं स्थळ आलंय, कसं वाटतं म्हणून विचारलं, तर हेच. ते बिचारे घरी जाऊन बायकोला म्हणाले, "प्राध्यापकांना पत्रिकाही बघता येते वाटतं, गाठींबद्दल विचारत होते." मी एकदा नुसतं "काय सर, कसं काय चाललंय?" म्हटलं, तर मलाही हेच ऐकवलं. त्यांचं म्हणणं तसं साधं होतं. तार घ्या नाहीतर दोरी घ्या, टोकं मोकळी सोडलीत तर ती नुसती लोंबते. दोन्हीकडं आवळून बांधा, मग बोलते. तेव्हा कुठल्याही गोष्टीचा हिशेब मांडायचा तर ती कुठं बांधलेली आहे हे आधी कळायला हवं, नाहीतर पुढची सगळी बडबड.

तुम्ही म्हणाल, ते कॉलेजात फिजिक्स शिकवणारे, आणि तुम्ही कोण? मी तारमास्तर. रत्नागिरीच्या तार ऑफिसात कट्ट कडकट्ट ऐकण्यात माझा जन्म गेला. पन्नासच्या आसपासची गोष्ट, स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झालेली. एक दिवस खिडकीशी कोट-टोपीतला किडकिडीत माणूस उभा राहिला. मी सवयीनं तारेचा फॉर्म पुढं सरकवला. त्यांनी तो परत माझ्याकडं सरकवला.

"मला तार पाठवायची नाही. तुमच्या खांबांवरची तार किती जाड आहे, आणि किती ताणून बांधता, तेवढं सांगा."

आमच्या पोस्टमास्तरांनी मागून मान वर केली. हा हेर असावा, असं त्यांना त्या क्षणी वाटलं आणि निवृत्त होईपर्यंत थोडंफार वाटतच राहिलं. मी म्हटलं, "ते लाइनवाल्यांना विचारा. आम्ही नुसते बडवणारे." त्यावर ते प्रसन्न हसले. "म्हणजे तुमचा-माझा धंदा एकच की. मीही रात्रंदिवस तारेतच असतो."

दारूबंदी जोरात होती त्या काळात. सरकारी कचेरीच्या खिडकीत उभं राहून मोठ्या आवाजात 'मी तारेत असतो' म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. शिपाई तोंड फिरवून हसला. सरांच्या ते गावीही नव्हतं. "बरं, जातो," म्हणाले आणि गेले.

पुढं ते आमच्याच शेजारी, दोन खोल्या आणि एक पडवी भाड्यानं घेऊन राहायला आले. एकटेच होते. लग्न का केलं नाही हे कुणी विचारलं नाही, कारण काय उत्तर येणार ते सगळ्यांना पाठ होतं.

कोर्टाच्या चढावर तारांचा एक लोखंडी खांब होता. तुम्हीही लहानपणी अशा खांबाला कान लावला असेल. आपण लावतो, गुंऽऽ ऐकतो आणि पुढं जातो. सर रोज संध्याकाळी तिथं थांबायचे, छत्री काखेत मारून, टोपी मागं सारून, डोळे मिटून. भेटायला आलेल्यालाही बोट वर करून गप्प उभं करायचे. गावाला एवढं पुरे झालं. नळावरच्या बायका म्हणायच्या, "सर फुकटात तारा ऐकतात." एका बागवाल्यानं तर रस्त्यात अडवून विचारलं, "ऐकताच आहात तर मुंबईत आमच्या हापूसची पेटी कशी गेली, तेवढं ऐका की."

मी त्यांना विचारलं, "सर, काय ऐकू येतं हो एवढं?"

"हिचा मूळ सूर ऐकू येत नाही," ते म्हणाले. "तो इतका खालचा आहे की माणसाच्या कानाला पोचतच नाही. अख्खी तार हलते, त्याच वेळी तिचे दोन भाग वेगवेगळे हलतात, तीन भाग हलतात, शंभर भागही हलतात. आपल्याला ऐकू येतात ते हे बारीक तुकडे. मूळ सूर त्यावरून ओळखायचा."

"आणि आम्ही तिच्यातून जे पाठवतो ते?"

"ते तिच्यातून जातं. तिला कळत नाही. तारेला तीनच गोष्टी माहीत असतात, तारमास्तर. आपली लांबी, आपला ताण आणि आपलं वजन. चौथी गोष्ट तारेला माहीत नसते."

हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. मला ते आवडलं, कारण आमचा नियमही असाच होता. हातातून जाणारा मजकूर आपल्याला माहीत नाही असं समजायचं. गावातली निम्मी मरणं आणि निम्मी लग्नं मला इतरांच्या आधी कळायची, पण घरी आमच्या हिलासुद्धा कधी सांगितलं नाही. ती अजून रागावते त्यावरून.

शब्दांच्या बाबतीत सर फार कडक. कुणी म्हणालं, आवाज वाढला, की लगेच, "मोठा झाला की उंच झाला? दोन वेगळ्या गोष्टी आहेत." आमच्याकडं जेवायला बोलावलं होतं तेव्हा ही आतून म्हणाली, "बसा, भात होतच आला." सरांनी बसल्या जागेवरून विचारलं, "होत आला, की झाला?" हिनं भात कच्चाच वाढला त्या दिवशी. पण खरा वाद व्हायचा तो निघताना. सर दारात उभे राहून म्हणायचे, "जातो."

"अहो सर, असं म्हणू नये. येतो म्हणावं."

"पण जातोय ना मी? मग येतो कसं म्हणू?"

"सगळे तसंच म्हणतात."

"सगळे चुकतात," सर म्हणायचे, पायात चपला सरकवायचे आणि जायचे. ही मग देवाजवळ हात जोडायची. माणूस बरा, पण जीभ मेली अशुभ, म्हणायची.

त्यांच्या पडवीत एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत एक पोलादी तार ताणलेली होती. एक टोक बांधलेलं, आणि दुसरं कप्पीवरून खाली सोडून त्याला एक चिरा टांगलेला. आपण घर बांधायला वापरतो तोच जांभ्याचा चिरा. तारेवर ते कागदाचे चिमुकले तुकडे मध्ये दुमडून बसवायचे, त्यांना स्वार म्हणायचे. मग तार छेडली की सगळे स्वार उडून पडत आणि एक-दोन मात्र जागच्या जागी बसून राहत.

"बघा, सबंध तार थरथरतेय आणि हा इथं शांत बसलाय. ही तारेवरची न हलणारी जागा. इथं मुंगी बसली तर आजूबाजूला काय चाललंय ते तिला कळणारही नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की मला त्या मुंगीचा हेवा वाटायचा.

पण त्यांचं खरं वेड याच्याही पलीकडं होतं. जगातली सगळ्यात बारीक वस्तू म्हणजे एक ठिपका, असं मोठमोठ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं म्हणे. सरांना ते पटत नसे. "ठिपक्याला लांबी नाही. ताण नाही. मग तो वाजणार कसा? आणि वाजणार नसेल तर एक ठिपका दुसऱ्यापेक्षा वेगळा कसा? मला वाटतं तिथंही तारच असावी. इतकी लहान की आपल्याला ठिपका वाटावी." कॉलेजातली इतर मंडळी यावर खोकल्यासारखं करून विषय बदलत. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, म्हणून मी बरा श्रोता होतो.

त्यांना एकच अडत होतं. इतकी लहान तार असेल तर तिची टोकं बांधायची कशाला? तिथं खांब कुठला, नि खुंटी कुठली? फळ्यासमोर तासन् तास उभे राहायचे, स्वतःलाच विचारायचे, टोकं कुठं बांधलीत ते सांगा, आणि उत्तर द्यायला कुणी नसायचं.

त्या टांगलेल्या चिऱ्याला मजबूत दोरी हवी होती, म्हणून हलीमाबी त्यांच्या पडवीत आल्या.

हलीमाबी खाडीकाठच्या राजिवड्याच्या. नारळाच्या काथ्याचं सुंभ वळायचं आणि घरोघर विकायचं, हा त्यांचा उद्योग. चाळिशीच्या, अंगानं काटक, हातभर काचेच्या बांगड्या, त्यामुळं त्या वळणावर असतानाच कळायचं की हलीमाबी येतायत. सरांनी त्यांचं सुंभ हातात घेतलं, ताणलं, बोटानं छेडलं, कानाशी नेलं.

"हे वाजत नाही," सर म्हणाले.

"वाजवायला कुठं आनलंय? बांधायला आनलंय," हलीमाबी म्हणाल्या. तिथून त्या दोघांचं जमलं.

त्यांचा नवरा परदेशी बोटीवर आगवाला होता. म्हणजे बोटीच्या पोटात भट्टीपुढं उभं राहून कोळसा टाकणारा. राजिवड्यात घराआड एक तरी माणूस असा दर्यावर असायचा. कुठल्या कुठल्या बंदरांतून पत्रं यायची, हलीमाबी शेजारच्या कुणाकडून वाचून घ्यायच्या. ती पत्रं एकाएकी थांबली. मुंबईच्या कंपनीनं कळवलं, बोटीची बातमी आली की सांगू. पुढं काही नाही. तेव्हापासून बाजारात आल्या की आमच्या खिडकीशी यायच्या.

"मास्तर, माझी तार आली काय?"

"हलीमाबी, तार मागू नये. पत्र मागावं." आमच्याकडं तेव्हा तार म्हणजे कुणीतरी गेलं, असंच धरून चालायचे. तारेचा शिपाई आळीत शिरला की फोडून बघायच्या आधी बायका रडायला बसत. मुलगा पास झाल्याची तार असली तरी आधी रडून घेत, मग वाचत.

"पत्र लिवनारा ठीक असता तर पत्र आलं असतं," त्या म्हणायच्या. "कसली का असंना, खबर येऊ दे. अशी मधीच टांगून नाय ऱ्हावत."

त्यांनी सरांना खांबाशी बघितलं नसतं तरच नवल. मी ऑफिसातून परतत होतो, माझ्यादेखत त्यांनी विचारलं. डोक्यावर सुंभाचा भारा, एक हात त्याला धरलेला.

"सर, त्यात माझ्या मानसाची काय खबर येते काय?"

दुसरा कुणी हसला असता. सरांनी कान काढला, टोपी नीट केली आणि वर्गातल्या मुलाला सांगावं तसं सगळं सांगितलं. हा वारा आहे. वारा तारेला छेडतो. तारेला तीनच गोष्टी माहीत असतात.

"आनि चौथी?"

"चौथी तिला माहीत नसते, हलीमाबी."

त्यांनी मान हलवली आणि गेल्या. पुढल्या खेपेस पुन्हा तेच विचारलं, आणि सरांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, न कंटाळता. असं किती वेळा झालं असेल. मला वाटतं, हलीमाबींना उत्तर कळलं होतं. कुणीतरी न चिडता, न गोड बोलता उत्तर देतं, एवढ्यासाठी त्या विचारत असाव्यात. गावात बाकी सगळे एकतर 'येईल हो' म्हणायचे, नाहीतर रस्ता बदलायचे.

मग एकदा पडवीत सर मला टोकांचं पालुपद ऐकवत होते, बांधल्याशिवाय वाजणं नाही वगैरे. हलीमाबी पायरीवर बसून सुंभाचा गुंडा सोडवत होत्या. त्यांनी एकदम हात वर करून बांगड्या खळखळवल्या.

"टोकं बांधली तरच वाजतं म्हनता, मग ह्या कशा वाजतात? ह्यांना कुठं टोक हाय?"

सरांचं बोट अर्ध्यावर थांबलं. मी त्यांच्याकडं बघत होतो. ते असे हसायला लागले की खिशातलं पेन खाली पडलं. "टोकच नाही," म्हणाले. "टोकच नको. खुंटीच नको." हलीमाबी माझ्याकडं बघून डोळ्यांनी विचारत होत्या, ह्यांना काय झालं. मी खांदे उडवले.

त्यानंतरच्या दिवसांत मी सरांना जितकं सुखी बघितलं, तितकं ना आधी बघितलं ना नंतर. फळ्यावर नुसती वर्तुळं. कॉलेजातून आले की खडू हातात. आमची ही म्हणायची, "सरांनी कासाराचं दुकान घातलंय." ते मला म्हणाले, "तारमास्तर, दोन जातीच्या तारा धरायच्या. एक टोकं असलेली आणि एक बांगडी. ठिपका नाहीच." हे ते सगळं नीट लिहून काढणार होते, परदेशी पाठवणार होते. मला त्यातलं कळलं ते इतकंच की एका सुंभ विकणाऱ्या बाईच्या हातवाऱ्यानं त्यांचं कित्येक वर्षांचं अडलेलं सुटलं होतं, आणि म्हणून तिला ते सांगितल्याशिवाय त्यांना राहवणार नव्हतं.

हलीमाबी आल्या तशी सरांनी हाक मारली. "या, या. तुमच्या बांगडीचं गणित झालं." मी चहा घेत बसलो होतो. सरांनी फळ्यावर वर्तुळ काढलं आणि खडू त्यावरून फिरवत बोलायला लागले.

"लाट इथून निघाली. तारेला टोक असतं तर तिथं आपटून मागं फिरली असती. पण इथं टोकच नाही. मग ती जात राहते, जात राहते, आणि फिरून जिथून निघाली तिथंच येते. आली की स्वतःशी जुळावी लागते. जुळली तर सूर, नाहीतर काही नाही. म्हणजे बांगडी वाजतेय याचा अर्थच असा, की गेलेली परत येते."

हलीमाबी फळ्याकडं बघत नव्हत्या. सरांच्या तोंडाकडं बघत होत्या.

"लई लांब गेलं तरी?"

"कितीही लांब. येतेच."

"येतोच?"

तुम्ही लिहिता-वाचता, तुम्हीच सांगा, येते आणि येतो यांत फरक केवढा? एक काना जास्त. पण आमच्या धंद्यात एका टिंबानं अक्षर बदलतं आणि अक्षरानं माणूस मरतो किंवा जगतो, त्यामुळं माझा कान लगेच ताठ झाला. सरांचाही झाला. भात 'होत आला की झाला' विचारणारा माणूस तो. त्यांचं बोट वर जायला लागलं. लाट येते, हलीमाबी, लाट, एवढंच म्हणायचं होतं. त्या बाईनं हात छातीशी धरला होता, बांगड्या वाजू नयेत असा घट्ट. सरांचं बोट हळूहळू खाली आलं.

"येतोच," सर म्हणाले.

हलीमाबींनी सुंभाचा गुंडा पायरीवर ठेवला आणि निघाल्या. वळणापर्यंत बांगड्यांचा आवाज येत होता. सरांनी फळा पुसला नाही, पण खडूही परत उचलला नाही.

त्यांचा जीव त्या दिवसापासून थाऱ्यावर राहिला नाही. "मी चुकलो, तारमास्तर." मी म्हटलं, "जाऊ द्या सर. बाईला चार घास गोड लागले. कुणाचं काय गेलं?" खरंच लागले होते. आमच्या खिडकीशी यायच्या त्या बंद झाल्या. राजिवड्यातला आमचा शिपाई सांगायचा, हलीमाबींनी घराला चुना काढला, नवऱ्याचा पलंग उन्हात घातला, सरांनी सांगितलंय म्हणतात. 'सरांनी सांगितलंय' हे ऐकलं की सरांचा चेहरा कसनुसा व्हायचा. "मी एवढी वर्षं सांगितलं की चौथी गोष्ट माहीत नसते, आणि विचारणारी आली तेव्हा मीच चौथी सांगितली," म्हणायचे. ते दुरुस्त करायला म्हणून एकदा राजिवड्याकडं निघाले आणि तसेच परत आले. ईदच्या दिवशी पुन्हा गेले. या खेपेस घरापर्यंत पोचले. हलीमाबींनी बसवलं, वाटीभर सेवया पुढं केल्या. सरांनी त्या खाल्ल्या, मान खाली घालून थोडा वेळ बसले आणि काही न बोलता उठून आले.

ईदेनंतर हलीमाबी परत आमच्या खिडकीशी यायला लागल्या. विचारायच्या मात्र काही नाहीत. नुसत्या उभ्या राहायच्या, मी मान हलवली की जायच्या. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

आणि मग ती तार आली. माझ्याच हातानं मी ती उतरवून घेतली. मजकूर मी आजही सांगणार नाही, आणि सांगायची गरजही नाही. त्यात बोट बुडाल्याची तारीख होती. सरांनी फळ्यावर वर्तुळ काढलं त्याच्या पुष्कळ आधीची. शिपायाला न देता मी स्वतः राजिवड्यात नेऊन दिली. हलीमाबी म्हणाल्या, "वाचा." मी वाचली. त्या रडल्या नाहीत. "बसा, मास्तर, पानी देते," म्हणाल्या, आणि मग दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या.

सरांना मी तारेबद्दल काही बोललो नाही, गावानं सांगितलं. मला ते इतकंच म्हणाले, "माझ्याबरोबर चला." आम्ही गेलो तेव्हा हलीमाबी इद्दतीत होत्या. नवऱ्यामागं त्यांच्यात बाई ठरावीक काळ घरात राहते, परक्या पुरुषासमोर येत नाही. आम्ही ओटीवर बसलो, त्या दाराआड. आतून त्यांच्या उठण्याची, पाट सरकवण्याची चाहूल लागली. बांगड्यांचा आवाज नव्हता. मी सरांकडं बघितलं. ते तोच ऐकत होते, जो येत नव्हता.

"हलीमाबी," सर म्हणाले, "त्या दिवशी मी लाटेबद्दल बोलत होतो. मी येते म्हटलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा दुरुस्त करायला हवं होतं. मी केलं नाही."

"मला म्हाईत हाय, सर." आवाज अगदी साधा होता. "तुमी येते म्हनालाव, येतो मी म्हनले. मला काय तेवढं कळत नाय?"

सरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"जाताना माझा मानूस ह्याच उंबऱ्यात उभा ऱ्हावून येतो म्हनला व्हता. सगळेच म्हनतात. गावात जातो म्हननारे तुमी एकटे. आनि त्या दिवशी तुमी पन येतोच म्हनालाव. मला लई बरं वाटलं." आत पाट पुन्हा सरकला. "पन मग ईदेला आलाव, सेवया खाल्ल्याव आनि मान खाली घालून बसलाव ना, तेव्हाच मी समजले. खरी खबर असती तर तुमी तोंडानं बोलला असताव. मग तारेची मी वाट नाय बघितली. मास्तरांच्या खिडकीत यायची, ती नुसती खातरी करायला."

परत येताना भाट्याच्या खाडीवर वारा होता. खांब गुणगुणत होते. सर रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं चालत होते.

"एक चूक केली ती केली," ते म्हणाले. "ती खोडायला गेलो, ही दुसरी. पहिलीनं तिला काही दिवस दिले होते. दुसरीनं तेही काढून घेतले."

मी म्हटलं, "सर, त्या तुम्हाला दोष देत नाहीत."

"ते मी ऐकलं," सर म्हणाले.

मला वाईट वाटतं ते याचं की त्यानंतर त्यांनी ती वर्तुळं पुन्हा काढली नाहीत. परदेशी पाठवायचं लिखाण राहिलं ते राहिलंच. मी एकदोनदा विचारलं, तर म्हणाले, "बांगडीकडं बघितलं की मला गणित दिसत नाही, तारमास्तर." वर्गात तारेचा धडा आला की रजा घ्यायचे म्हणे. कोर्टाच्या चढावर त्या खांबाजवळून जाताना छत्री उघडायचे, ऊन असो नसो. असा सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस, एका कान्यापायी आतून सैल पडला, आणि त्याला परत ताणून बांधणारं आमच्यात कुणी नव्हतं. हलीमाबी मात्र इद्दत संपल्यावर सुंभ घेऊन पूर्वीसारख्या फिरायला लागल्या. सरांच्या पायरीवर एक गुंडा ठेवायच्या आणि पुढं जायच्या. सर आतून बाहेर येत नसत.

पुढं पुष्कळ वर्षांनी माझ्या नातवानं मला सांगितलं की आता मोठमोठे शास्त्रज्ञ म्हणतात, जगाच्या मुळाशी ठिपका नसून बारीक तारा असाव्यात, काही टोकं असलेल्या आणि काही बांगडीसारख्या मिटलेल्या. खरंखोटं त्यांचं त्यांना माहीत. मी म्हटलं, हे मी आमच्या शेजारच्या पडवीत ऐकलंय. तो हसला, म्हणाला, आजोबांना असंच काहीतरी आठवतं. मी वाद घातला नाही. सरांनंतर त्या पडवीतली तार घरमालकानं तशीच ठेवली होती, त्यावर त्याचे पंचे वाळत असत.

सर गाव सोडून गेले ते थंडीत. आगबोटीचे दिवस होते. मुंबईकडं कुठंशी नोकरी मिळाली म्हणाले, कुठं ते नीट सांगितलं नाही, आणि टोकं कुठं बांधलीत असं त्यांना उलट विचारायचा धीर मला झाला नाही. आम्ही दोघं बंदरावर पोचवायला गेलो. बोट लांब उभी असायची, तिथपर्यंत पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून जावं लागे. हिनं कुळथाच्या पिठाची पुरचुंडी दिली. सर पडावात बसले, ट्रंक पायांशी घेतली. खलाशानं धक्क्यावरचा दोर सोडवायला घेतला.

ही काठावरून म्हणाली, "सर, आज तरी नीट बोला हो. इतक्या वर्षांचा शेजार."

सरांनी वर बघितलं. सवयीनं बोट थोडं वर गेलं. मला वाटलं, आता सांगतील, जातोय तर येतो कसं म्हणू. त्यांनी बोट खाली घेतलं.

"येतो, वहिनी," म्हणाले.

आमची ही खूश झाली. पडाव दिसेनासा होईपर्यंत हात हलवत होती. "बघा, शेवटी शिकले की नाही," मला म्हणाली. मी हो म्हटलं. पण सर आता परत येणार नाहीत, हे मला त्याच क्षणी कळलं होतं.